दिसेल तिथे तीन

“आमची वीज का घालवलीत? इथे परीक्षा चालू आहे!” शाळेच्या मुख्याध्यापिका फोनवर कडाडल्या.

“बाई, तुमच्या लाइनवर आज कामच नाही हो,” वीज कचेरीतल्या कारकूनबाई म्हणाल्या खऱ्या. पण बोलता बोलता त्यांनी सकाळचा तक्ता उघडला आणि गिरणीच्या ओळीशी त्या थबकल्या.

दुरुस्तीसाठी कुठली लाइन बंद करायची, हे त्यांच्या तक्त्यावरून ठरायचं. एक चिठ्ठी उपकेंद्रात जायची, एक खांबावर चढणाऱ्या वायरमनकडे. काल साहेबांनी फर्मान काढलं, की तीन नंबरच्या लाइनला यापुढे आठ म्हणायचं. दोनशे फायली हाताने कोण दुरुस्त करत बसणार? बाईंनी बावन्नाव्या वर्षी हौसेने शिकलेली विद्या काढली आणि संगणकाला एका ओळीचा हुकूम लिहून दिला: दिसेल तिथे ३ काढ, ८ घाल. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम फत्ते! सुंठीवाचून खोकला गेला म्हणून बाई खुशीत घरी गेल्या.

संगणक बिचारा हुकमाचा ताबेदार. त्याने १३ चे १८ केले होते.

उपकेंद्राने त्यामुळे शाळेची अठरा बंद केली होती. तेरा जिवंत होती. आणि गिरणीच्या कोपऱ्यावर त्याच तेरावर अकरा वाजता चढणार होता बाईंचा वायरमन जावई. जागा त्याला तोंडी कळलेली; चिठ्ठीवरचे अठरा तो कशाला वाचतोय! तारेत वीज आहे का हे दाखवणारी काठी आठवडाभर दुरुस्तीला पडलेली.

अकराला तीन मिनिटं कमी होती. त्यांनी जावयाला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. चढताना फोन खाली पिशवीत ठेवायचा, असा नियमच होता. लेकीला काय तोंड दाखवू, एवढंच मनात येत राहिलं.

मग उपकेंद्राला. “तेरा बंद करा! आत्ता!”

“ताई, लेखी आल्याशिवाय कसं करू? माझ्या गळ्याशी येईल.”

“माझ्या नावावर घाल! जावई वर आहे माझा, मेल्या, खटका ओढ!”

पलीकडे खट्ट झालं. “ओढला.”

वेळेत की उशिरा, ते कोण सांगणार? बाई फोनकडे बघत बसल्या. सहा मिनिटांनी फोन वाजला.

“आई,” जावई म्हणाला, “गिरणी आत्ता बंद पडली. आत्ता! मला वाटत होतं, जनरेटरवर चाललीये. तारेच्या हातभर खाली होतो मी.”

“चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. “माझीच.”

त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी बाईंनी साहेबांना सगळं लिहून दिलं, लेकीलाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई चिठ्ठी घ्यायला आला. इतकी वर्षं तो ती न बघताच खिशात कोंबायचा आणि सासूची काहीतरी थट्टा करून निघायचा. आज त्याने खुर्ची ओढली, आणि एकेका ओळीवर बोट ठेवून चिठ्ठी मोठ्याने वाचू लागला. बाई त्याच्यासमोर उभ्या राहून प्रत्येक आकड्याला “बरोबर” म्हणत होत्या.