टेबलाच्या टोकाची मुलगी

मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेलंही नसेल, म्हणून आधी माझं काम सांगतो. पुठ्ठ्याच्या लहानशा चौकटीत बसवलेला पारदर्शक फोटो म्हणजे स्लाइड. ती माझ्या पोटात सरकवायची, मागून दिवा लावायचा, की समोरच्या पडद्यावर माणसं खऱ्या माणसांएवढी होऊन उभी राहतात. मुद्दाम काढून घेतल्याशिवाय अशा फोटोची दुसरी प्रत नसते. जी असते ती एवढीच, चौकटीतली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही मला तेच विचाराल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याचं अंग, काचेचा डोळा, पोटात एक प्रखर दिवा आणि त्या दिव्याची धग बाहेर फेकायला एक छोटा पंखा. दिव्याचं सगळे कौतुक करतात, पंख्याला कोणी विचारत नाही. खरं सांगायचं तर मीही विचारत नव्हतो.

एका शाळेत मी बावीस वर्षं काम केलं. फुलांचे भाग, फुप्फुसं, ज्वालामुखी. मुलांना ज्वालामुखी आवडायचा आणि मला त्यांचे आ वासलेले चेहरे. मग शाळेत संगणक आले आणि माझी रवानगी कपाटाच्या डोक्यावर झाली. तिथे एक जुना पृथ्वीगोल माझा सोबती होता. दोघंही धूळ खात होतो, पण त्याला निदान फिरता तरी यायचं.

तिथून मला बाहेर काढलं ते आठवण मंडळानं. हे मंडळ म्हणजे आमच्या भागातली पंधरा-वीस हौशी माणसं. कोणाला पगार नाही, पद नाही. बाटल्यांचा मोठा कारखाना बंद पडला, तिथली माणसं पांगली, म्हातारी झाली. त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबर जाऊ नयेत म्हणून ही मंडळी दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर जमत. ग्रंथपालबाई वहीत सगळं लिहून घेत. पोस्टमनकाकांना निम्म्या गावाची नावं पत्त्यासकट पाठ होती. मला चालवायचं काम वायरमनकाकांकडे. खिडक्यांना छत्रीच्या काळ्या कापडाचे पडदे लावले होते, त्यामुळे भर दुपारी तिथे अंधार व्हायचा.

कारखान्याच्या जुन्या फोटोग्राफरच्या बायकोनं नवऱ्यामागे चार डबे भरून स्लाइड मंडळाला दिल्या होत्या. एकेक स्लाइड मी पडद्यावर दाखवायचो आणि माणसं ओळखायची. मंडळाचा एक नियम होता. फोटोतल्या प्रत्येकाचं नाव वहीत लिहून झाल्याशिवाय पुढची स्लाइड लावायची नाही. मला त्या नियमाचा फार अभिमान वाटायचा.

तिथे एक आजी यायच्या. भिंतीला टेकून असलेल्या शेवटच्या खुर्चीत बसायच्या. एका वर्षात त्यांनी एकही नाव सांगितलं नाही, की एक गोष्ट सांगितली नाही. पोस्टमनकाका गमतीनं विचारायचे, "शेवटची खुर्ची आली का? मग करा सुरू." आजी हसायच्या, पण डोळे पडद्यावरून हलायचे नाहीत. मला वाटायचं, आजींचा वेळ जात नसेल. माझा काचेचा डोळा एवढा मोठा, पण मला माणूस कधी कळला नाही.

त्या रविवारी माझा पंखा कुरकुरत होता.

"हा उघडून साफ करायला पाहिजे," वायरमनकाका म्हणाले. "आत धूळ बसलीय. तेल पण नाही."

"आजचं होऊन जाऊ दे ना," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "लोक आलेत. पुढच्या आठवड्यात सावकाश बघू."

काकांनी माझ्या पाठीवर एक चापट मारली. कुरकुर थांबली. ती पंखा बरा होऊन थांबली नव्हती, पण माणसांना आवाज थांबला की दुखणं गेलं असं वाटतं.

तिसरी की चौथी स्लाइड असेल. लांब टेबलावर बाटल्या निवडणाऱ्या आठ मुली. पोस्टमनकाकांनी आणि पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी भराभर सात नावं सांगितली. आठवी मुलगी टेबलाच्या टोकाला होती. बाकीच्या बाटल्यांकडे बघत होत्या, ती एकटी मान वळवून सरळ आमच्याकडे बघत होती, कोणीतरी मागून हाक मारल्यासारखी.

"ही कोण?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

पुढच्या रांगेतल्या बायकांनी नकारार्थी माना हलवल्या.

"मी टपालात लागायच्या आधीच गेली असेल," पोस्टमनकाका म्हणाले. "राहू द्या. पुढं चला."

"नियम म्हणजे नियम. आठवा जरा."

मग सगळे आठवत बसले. माझा पंखा तेव्हाच बंद पडला. खोलीत एकदम शांतता झाली आणि ती सगळ्यांना आवडली. त्या शांततेत ती मुलगी बघत राहिली, माणसं तिच्याकडे बघत राहिली, आणि माझ्या पोटातली धग वाढत गेली. मला ओरडता आलं असतं तर मी घसा फोडून ओरडलो असतो. पण माझा आवाज म्हणजे तो पंखाच होता.

पडद्याच्या कोपऱ्यात तपकिरी डाग उमटला. तो फुगला, उकळला आणि टेबलाच्या टोकाकडे सरकू लागला.

"दिवा बंद करा!" शेवटच्या खुर्चीतून आवाज आला. "ती माझी ताई आहे. बंद करा ना!"

वायरमनकाकांनी वायर ओढून काढली. उशीर झाला होता. स्लाइडमध्ये बाकीच्या सातजणी शाबूत होत्या. आठवीच्या जागी एक भोक होतं.

पडदे उघडले. कोणाला कोणाकडे बघवेना. आजी हळूहळू बोलल्या. त्यांची ताई एकोणीस वर्षांची असताना घर सोडून गेली. वडिलांनी तिचे सगळे फोटो चुलीत घातले आणि सांगितलं, या घरात तिचं नाव काढायचं नाही. साठ वर्षं कोणी काढलं नाही. ताई कुठे गेली, आहे की नाही, काहीच कळलं नाही. अलीकडे आजींना तिचा चेहरा आठवेनासा झाला होता, म्हणून त्या यायच्या. कारखान्याच्या एखाद्या फोटोत ती सापडेल म्हणून.

"मग लगेच सांगायचं ना हो," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "आम्ही एवढा वेळ..."

"नाव सांगितलं असतं, तर तुम्ही पुढचा फोटो लावला असता," आजी म्हणाल्या. "मला थोडा वेळ बघायचं होतं."

मित्रांनो, चुलीतून जो एक चेहरा वाचला होता, तो मी जाळला. ज्यांनी तो पाहिला त्यांना बाईंनी एकेक करून विचारलं आणि वहीत लिहिलं. कोणी म्हणालं एक वेणी होती, कोणी म्हणालं दोन. कोणी म्हणालं हसत होती, कोणाला ती घाबरलेली वाटली. आजी सगळ्यांना "हो, हो" म्हणत राहिल्या. मग सर्वांत शेवटी त्यांनी साठ वर्षं न घेतलेलं नाव बाईंच्या कानाजवळ जाऊन सांगितलं. बाईंनी सात नावांखाली आठवं लिहिलं.

आता मंडळ प्रत्येक स्लाइडची आधी प्रत काढतं. माझा पंखा दर महिन्याला साफ होतो. तरीही कुठलीही स्लाइड लावली, लग्नाची असो की फुटबॉलच्या संघाची, मला टेबलाच्या टोकाला ती दिसते, मान वळवून बघताना. वायरमनकाका म्हणतात, हे यंत्र झपाटलंय. ते थट्टेनं म्हणतात, पण खोटं नाही म्हणत.

दर रविवारी बाकी सगळे गेल्यावर आजी वायरमनकाकांना ती जळकी स्लाइड लावायला सांगतात. सातजणी उभ्या राहतात आणि आठवीच्या जागी नुसता पांढरा उजेड पडतो. आजी त्या उजेडाकडे बघत बसतात. त्यांना तिथे काही दिसतं का, हे मी विचारू शकत नाही.

माझ्या पोटातल्यासारखा दिवा आता कुठे बनत नाही. आहे तो एक दिवस जाईल. त्याआधी एवढंच मागतो. घरातला जुना फोटो शोधून काढा, म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, ही कोण? त्यांनी नाव सांगितलं की ते लिहून ठेवा. पण नाव कळलं म्हणून लगेच पान उलटू नका. त्यांचं बघून होऊ द्या.