गोपीनाथजींचे दोन हेडफोन

गोपीनाथजींनी मला घरी बोलावलं ते माझे कान उसने मागायला. मी लगेच गेलो. सहा वर्षं याच बोलावण्याची वाट पाहत होतो.

मिलमध्ये ते लेबर ऑफिसर, मी स्पिनिंग खात्यातला फिटर. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावली, की कुठलं बेअरिंग उद्या जाणार ते मी आज सांगायचो. मिल बंद पडण्याआधी माणसं कमी करायची निघाली, तेव्हा या गृहस्थांनी माझ्या कागदावर लिहिलं, 'ऐकू कमी येते, कामास अपात्र.' तपासणी कसली, कानाला कुणी हातसुद्धा लावला नाही. पुढे मिल सगळ्यांचीच गेली, पण बहिरा एकटा मी ठरलो. इंदूरच्या छत्रीबागेत टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तर लोक विचारायचे, "भिया, तो बहिरा मेकॅनिक तूच का?"

"आओ मारुतीजी, बसा." मिलमध्ये मी नुसता 'ए मारुती' होतो.

परदेशी माल नुकताच बाजारात खुला झाला होता. टेबलावर दोन हेडफोन होते, एक जपानी, एक जर्मन. दोन्ही सपाट पडद्याचे, म्हणजे चुंबकांच्या मधे पातळ फिल्म आणि ती अख्खी थरथरते.

"एक मी ठेवणार, एक जावईबापूंना. पुऱ्या इंदूरमध्ये तुमच्यासारखा कान नाही. सांगा, कोणता भारी?"

पुऱ्या इंदूरमध्ये! माझं डोकं तडकलं, पण आधी दोन्ही नीट ऐकले. कामात बेइमानी मला जमत नाही. जपानीचा खर्ज भरदार, ऐकायला गादीवर बसल्यासारखं सुख, पण वरचे स्वर मऊ पडलेले. जर्मनचा खर्ज बेताचा, मात्र तानपुऱ्याची तार न् तार सुटी, गायिकेचा श्वाससुद्धा कळत होता.

मग खिशातून कॅसेट काढून त्यांच्या टेपमध्ये घातली. बिघडलेलं बेअरिंग फोरमनला पटवायला मी एकदा मशीनचा आवाज टेप केला होता. दिवाळीत साहेब माझ्या दुकानात आले होते, तेव्हा रेडिओची बारीक शिट्टी त्यांना ऐकू आली नव्हती; त्याच दिवशी मी ही कॅसेट शोधून जपून ठेवली.

"यात एक बारीक किणकिण आहे, साहेब. जपानीत दबते, जर्मनमध्ये उघडी पडते. ती ऐका, फरक कळेल."

त्यांनी जपानी लावला, मग जर्मन. डोळे मिटले. "दोन्ही सेम तो आहेत."

चहा घेऊन आलेल्या सुनेनं, सुरभीनं, दोन्ही लावून पाहिले. "बाबा, ह्या जर्मनमध्ये एकदम क्लियर येतेय. तुम्हाला नाही येत?"

त्यांनी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. हेडफोन हातांनी कानांवर दाबून धरला, चेहरा उतरला. मला दया यायला हवी होती. आली नाही, उलट गार गार वाटलं.

"मग मी कोणता ठेवू, मारुतीजी?" आवाज अगदी खाली आला होता.

मी कॅसेट काढून खिशात घातली आणि दारात जाऊन चपला चढवल्या.

"जर्मन जावईबापूंना द्या. तुम्हाला कोणताही चालेल, साहेब. हवं तर तसं कागदावर लिहून देतो."