लाल पट्ट्यांची नळी

पोलंडमधल्या व्रॉत्स्वाफच्या प्रयोगशाळेत बोग्नाच्या धातूचं चुंबकत्व काही केल्या मरत नव्हतं, आणि ते मेल्याशिवाय तिच्या पीएच.डी.ची धडगत नव्हती.

सिरियमच्या त्या मिश्रधातूतलं जर्मेनियम काढून त्याच्या जागी थोडं थोडं सिलिकॉन घालत जायचं. सिलिकॉनचा अणू अंगाने लहान. तो शिरला की स्फटिक आकसतो, सिरियमच्या इलेक्ट्रॉनला वेगळं बिऱ्हाड परवडत नाही, तो इतरांत मिसळतो आणि चुंबकत्व ओसरतं. तीन-चतुर्थांश जर्मेनियम गेलं की ते पार संपेल, असं बोग्ना छातीठोकपणे सांगून बसली होती. मोजायला जावं तर दर वेळी थोडं उरलेलंच!

"बोग्नाबाई, निसर्ग तुमचा प्रबंध वाचत नाही हो," तिचे मार्गदर्शक प्रोफेसर गाविन्स्की म्हणाले. "हट्ट सोडा. ईस्टरनंतर विषय बदलू."

म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. बोग्नाला रडू कोसळलं, मग रडल्याचा राग आला. तिने भट्टीत नवे गोळे वितळवले, उलटे करून पुन्हा वितळवले. लोखंडाचा कण लागत असेल म्हणून चिमटासुद्धा प्लास्टिकचा घेतला. फरक शून्य.

ईस्टरच्या आधीचे उपवास सुरू होण्यापूर्वीचा 'तुपकट गुरुवार' आला. त्या दिवशी पोंचकी, म्हणजे जॅम भरलेले तळलेले गोड वडे, न खाणारा माणूस तिकडे संशयितच. बोग्ना साखर लागलेल्या बोटांनी आलेख चाळत होती आणि चावता चावता थांबली. उरलेलं चुंबकत्व धातू तापवला तरी हलत नव्हतं. सिरियमचं असतं तर ऊब लागताच पळालं असतं.

तिची नजर नळीवर गेली. यंत्रात नमुना सोडायला सरबताची साधी नळी वापरतात, सगळीकडेच. प्लास्टिकच्या नळ्यांवर बंदी आली, प्रयोगशाळेचा साठा संपला, तेव्हा प्रोफेसरांनीच ओला नावाच्या आपल्या नातीच्या वाढदिवसातून उरलेलं पुडकं मोठ्या ऐटीत आणून दिलं होतं. लाल पट्ट्यांच्या कागदी नळ्या.

बोग्नाने मोजमाप केलं आणि प्रोफेसरांना बोलावलं.

"हे काय, आहेच की चुंबकत्व!" मिशीला जॅम लागलेले गाविन्स्की खूश झाले. "मी म्हणत नव्हतो? सिलिकॉन किती यात?"

"अजिबात नाही, प्रोफेसरसाहेब."

"मग नमुना कुठला?"

"नमुनाच नाही. नुसती नळी आहे. तुमच्या ओलाच्या वाढदिवसाची."

प्रोफेसरांनी घाईने घास गिळला. "लाल रंगात लोह?" त्यांनी हळूच विचारलं.

"दुसरं काय असणार!"

शेजारच्या प्रयोगशाळेतून बोग्नाने एक बिनरंगी नळी मागून आणली आणि नमुने पुन्हा मोजले. संध्याकाळी पडद्यावर चुंबकत्वाची रेघ उतरत गेली आणि बरोबर तीन-चतुर्थांशापाशी शून्यावर गपगार आडवी झाली. बोग्नाला ओरडावंसं वाटलं, पण तिने नुसता पडदा प्रोफेसरांकडे वळवला.

गाविन्स्कींनी पुडक्यातली एक लाल पट्ट्यांची नळी काढली, कोम्पोतच्या, म्हणजे उकडलेल्या फळांच्या सरबताच्या, पेल्यात बुडवली आणि मोठा घोट घेतला.

"प्यायला उत्तम आहेत," ते म्हणाले.

"आणि ईस्टरनंतर विषय बदलायचा, त्याचं?"

"कसला विषय? ईस्टरच्या आत प्रबंध लिहून द्या, बोग्नाबाई. आणि आभारात ओलाचं नाव तेवढं घालू नका!"