कंपाद्रेवर टाकलेला चेंडू

चेंडूच्या शिवणीतला एक दोरा वर आला होता. तिबुर्सियोचं नख पुन्हा पुन्हा त्यात अडकत होतं, आणि अडकलं की गाबिनोचा जबडा आठवत होता. मघाशी राजधानीच्या बेसबॉल संघाच्या पिचरनं फेकलेला चेंडू सान पेद्रोच्या गाबिनोच्या तोंडावर बसला तेव्हा सुकं लाकूड फोडल्यासारखा आवाज झाला, आणि खाली बसलेला गाबिनो ओंजळीत दात धरून सगळ्यांकडे नुसता बघत राहिला... सान पेद्रोच्या लोकांनी कुंपण हलवायला घेतलं, तशा शिपायांनी खांद्यावरच्या बंदुका उतरवल्या. सदतीस सालच्या त्या हंगामात शिपाई प्रत्येक सामन्याला असत. राजधानीचा संघ हुकूमशहाचा, तो हरला तर कुणाची धडगत नाही, असं लोक दबक्या आवाजात बोलत.

"त्यांचा पहिला जो बॅट घेऊन येईल, त्याच्या डोक्यात," सान पेद्रोचा संघ चालवणारे डॉन निकानोर विझलेला चिरूट चावत म्हणाले होते. "मला उत्तर पाहिजे, तिबुर्सियो. नाहीतर उद्यापासून आपल्या पोरांना कुत्रंही विचारणार नाही."

आणि पहिला आला सिरिलो.

नशीबच फुटकं! तिबुर्सियोच्या पोरीच्या, एमिलियाच्या बाप्तिस्म्याला सिरिलोनंच तिला हातांवर धरलं होतं. त्या दिवसापासून एका गल्लीत वाढलेले, एकमेकांना अरे-तुरे करणारे हे दोघे कंपाद्रे झाले — पोरीचा बाप आणि पोरीचा धर्मपिता. कंपाद्रेशी भांडायचं नसतं. शिवी तर लांबच, आवाजसुद्धा चढवायचा नसतो.

"पोरगी कशी आहे, कंपाद्रे?" सिरिलोनं बॅट टेकवत तिथूनच विचारलं.

"मजेत, कंपाद्रे. बूट पोचले तुमचे."

"बसले का पायात?"

"जरा सैल होतात. वाढेल की ती."

मला हे करायला लावताहेत, तिबुर्सियो मनाशी म्हणाला. मी काय करणार? हुकूम आहे... पण हुकूम तर तेव्हाही होता. राजधानीसाठी खेळायचं नाही, अशी एमिलियाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती दोघांनी. मग दोघांना राजधानीच्या संघात न्यायला अंमलदाराची मोटार आली. तिबुर्सियो नाही म्हणाला, आणि बराकीत त्याच्या तळपायांवर काठ्या बसल्या, अशा की घरी तो गुडघ्यांवर रांगत आला — तेव्हा बायकोनं सांगितलं, सिरिलो त्याच मोटारीतून गेला, पुढच्या सीटवर बसून. ईस्टरला भेटला तो टोपी काढून, मिठी मारून. काय विचारणार कंपाद्रेला? मजेत आहे, म्हणालो. सगळं मजेत आहे, कंपाद्रे...

चेंडू सुटला.

सिरिलो पाठीवर आदळला, टोपी उडून पडली. चेंडू कानाला घासून गेला होता. कानातून रक्ताची धार मानेवर उतरली, आणि सगळं मैदान आनंदानं किंचाळलं.

"बस!" डॉन निकानोर ओरडले. शिपाई कुंपणाच्या आत यायला लागले होते. "मिळालं उत्तर! आता सरळ टाक, गाढवा, सरळ!"

चेंडू परत तिबुर्सियोच्या हातात आला. मिळालं उत्तर? त्या फेकीत गाबिनो कुठे होता? त्याचा जबडा, त्याचे दात — काही काही नव्हतं. होती ती मोटार आणि तिच्या पुढच्या सीटवरची ती मान. आणि चेंडू घासून गेला तेव्हा, देवा, हळहळ वाटली ती नेम चुकल्याची.

सिरिलो उठला. टोपी त्यानं उचलली नाही, कानही पुसला नाही. मघापेक्षा अर्धं पाऊल पुढे, चेंडूच्या वाटेत सरकून तो उभा राहिला. आणि पोरीच्या बाप्तिस्म्यानंतर पहिल्यांदा त्यानं मित्राला नावानं हाक मारली.

"टाक, तिबुर्सियो."

म्हणजे आपण दगा दिला, हे याला माहीत होतं. मोटारीत बसल्यापासून माहीत होतं, आणि तरी हा पोरीला बूट पाठवत राहिला. तिबुर्सियोनं वर आलेल्या दोऱ्यावर बोट रोवलं. डोळे भरले, पण नजर सिरिलोच्या कपाळावरून हलली नाही. आता सांगणारं कुणी नव्हतं, उलट सगळे नकोच म्हणत होते. आणि बराकीतून रांगत आल्यापासून इतकं मोकळं त्याला कधीच वाटलं नव्हतं.