झाकणाचे फोटो

मुलीने फोटो मोजले. चार रात्रींचे मिळून दोनशे दहा होते: एकशे ऐंशी दीर्घिकेचे, प्रत्येकी तीन मिनिटांचे, आणि तीस दुर्बिणीच्या तोंडाला झाकण लावून काढलेले. झाकणाच्या फोटोंत काळोखाशिवाय काही नसतं, फक्त कॅमेऱ्याची स्वतःची खरखर. ती वजा केली की दीर्घिका स्वच्छ उमटते.

वडील शेजारी खुर्ची ओढून बसले. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. गेल्या वर्षी पाठ धरते म्हणून दुकान बंद केलं; गच्चीवरची दुर्बीण मात्र सोडली नव्हती.

"दाखव की. किती भाव खातेस?"

"थांबा हो बाबा, उघडतंय."

"चार रात्री जागलात बाप-लेक," आई दारातून म्हणाली. "निदान बटाट्याएवढी तरी दिसू दे."

"दोन कोटी वर्षं वाटेत होता तो उजेड. तू जरा दम धर."

"मला नका शिकवू. हल्ली माझ्याकडेही तिरकंच बघता. मी काय दीर्घिका आहे?"

"अंधूक वस्तू तिरकीच बघायची असते."

"अंधूक म्हणे! ऐकलंस ना गं?" आई हसत आत गेली.

मुलगीही हसली. दुर्बिणीतून फिकट काही बघायचं तर नजर थोडी बाजूला ठेवायची, हे तिला वडिलांनीच शिकवलं होतं.

पडद्यावर पहिला फोटो आला. वडिलांनी मान किंचित वळवली आणि पडद्याच्या कडेकडे बघत राहिले.

"वा! गाभा बघ कसा उजळलाय. आणि ही खालची वळलेली भुजा! नाव काढलं हो आपल्या दुर्बिणीनं."

मुलीने फाइलचं नाव वाचलं. तो झाकणाचा फोटो होता. पडदा काठोकाठ काळा होता.

तिचा हात माउसवर तसाच राहिला. आत आई नळाखाली भांडी विसळत होती.

"बाबा, भुजा कुठून सुरू होते? बोट ठेवा ना."

त्यांनी बोट उचललं, हवेत धरलं, मग परत मांडीवर ठेवलं.

"कुठला लावलायस?"

"झाकणाचा."

त्यांनी आत नळ चालू असल्याचा कानोसा घेतला.

"पाठ बरी आहे माझी," ते म्हणाले. "आईला एवढ्यात बोलू नकोस."

"उद्या डॉक्टरांकडे जायचं."

"जाऊ. पण आधी आपण मोजू. किती गेलंय, कळू दे."

तिने मोठ्या कागदावर लांब हातांची फुली काढून तो भिंतीला चिकटवला आणि खुर्ची बरोबर एक मीटरवर ठेवली. वडिलांनी तळव्याने डावा डोळा झाकला. मधला भाग दिसतच नव्हता, म्हणून फुलीची चारही टोकं सारखी दिसतील अशी नजर धरायची, असं ठरलं. ती कागदाच्या कडेकडून मध्याकडे पेन्सिल सरकवू लागली.

"आहे... आहे... गेली."

तिने तिथे ठिपका दिला.

"सगळ्या बाजूंनी घेतेस ना गं?"

"हो."

"सावकाश घे."

उजवा झाला, मग डावा. दोन्ही डोळ्यांचे ठिपके जोडल्यावर जवळजवळ एकसारखी वर्तुळं झाली. तिने पट्टी लावली. मधोमधचा हरवलेला भाग, साडेसतरा सेंटिमीटर. नजरेचे दहा अंश.

मग तिने पट्टी स्वतःच्या चेहऱ्याला लावली. या कानापासून त्या कानापर्यंत पंधरा सेंटिमीटर.