धुवायचा राहिलेला बरगा

मित्रांनो, मला नुसती फळी म्हणालात तरी मी रागावणार नाही. पण माझं खरं नाव बरगा. कागलजवळच्या एका ओढ्यावर कोल्हापुरी बंधारा आहे. पावसाळा सरला, की त्याच्या खांबांच्या खाचांत आम्हा बरग्यांना एकावर एक बसवून पाणी अडवतात. मी आजऱ्याकडच्या ऐनाच्या लाकडाचा. सुताराने रंधा मारून मला बंधारा सांभाळणाऱ्या केरबाच्या हाती दिलं, तेव्हा केरबा माझ्यावर थाप मारून म्हणाला, "गडी दमाचा हाय!" त्या एका वाक्यावर मी तीस वर्षं पाण्याचा रेटा सोसला.

मला सगळ्यांत जवळची म्हणजे चिमणाबाई. ती रोज म्हैस घेऊन पाण्यावर यायची आणि म्हैस पिऊन होईपर्यंत तिच्याशी भांडायची. ते भांडण ऐकायला मला फार आवडायचं. पुढे शेजारी लोखंडी बरगे आले. मलाही वयोमानाने चीर पडली होती.

गेल्या माघात हमरस्त्याच्या पुलावर एक टँकर उलटला. काळं तेल ओढ्यात उतरलं आणि आमच्या अंगाशी येऊन थांबलं. मासे मेले. टँकरवाल्या कंपनीची माणसं वरवरचं तेल उपसून गेली. तीन दिवसांनी निरोप आला, की नुकसान किती झालं हे मोजायला सरकारी मॅडम येणार आहेत.

आता आमच्या गावाचा स्वभाव असा, की पाहुणा येणार म्हटलं की आधी घर झाडायचं! चिमणाबाईच पदर खोचून पुढे झाली. "पावणं येणार आन आसली घाण दाखवायची व्हय?" मग काय विचारता! मेलेले मासे पुरले, काठाच्या काळ्या चिखलावर वाळू पसरली, बरगे काढून सोड्याने घासले. मला मात्र केरबाने चीर बघून बाजूला टाकलं. म्हणाला, "ह्यो ग्येला कामातनं. जळणाला हुईल." मित्रांनो, ते मला फार लागलं.

संयोगिता मॅडम आल्या, तर ओढा लख्ख! कंपनीचा माणूस हसून म्हणाला, "बघा की मॅडम, कुठं काय झालंय?"

मॅडम म्हणाल्या, "मावशी, नुकसान दिसलंच नाही, तर यांना साफ करायला कशाच्या आधारावर सांगू?"

चिमणाबाईचा चेहरा उतरला. ते पाणी प्यायल्यापासून दोन दिवस तिच्या म्हशीने चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. वाळूखालचं तेल पाण्यात पाझरतच होतं, आणि पुरावा तर तिने स्वतःच्या हातांनी धुतला होता. मग एकदम ती ओरडली, "केरबा, त्यो चिरका बरगा आण की!"

माझ्या अंगावर काळा पट्टा तसाच होता आणि चिरेत तेल मुरलं होतं. "वरनं तिसरा बसतोय ह्यो," केरबाने सांगितलं. मला पुन्हा माझ्या खाचेत धरलं. तेल किती उंच चढलं होतं ते मॅडमनी माझ्यावरून ताडलं, आणि त्या उंचीपर्यंतचा काठ उकरायला लावला. वाळूखाली सगळा काळा चिखल निघाला. माझाही एक तुकडा कापून तपासायला नेला. दुखलं खरं.

महिन्याभरात कंपनीला तो चिखल उचलून न्यावा लागला. पाणी तपासून झाल्यावर चिमणाबाई म्हशीला घेऊन आली. म्हशीने पाणी हुंगलं, मान वर केली, पुन्हा हुंगलं आणि प्यायली. आखूड झालेला मी आता काठावर पडून असतो. त्या दिवशी माझ्यावर बसून चिमणाबाई रडली. मग डोळे पुसून केरबाला म्हणाली, "सांडलं त्येनी, आन लाजलो आपण!"

मित्रांनो, एवढंच मागतो. तुमच्या ओढ्यात कुणी विष सांडलं, तर आधी तपासणाऱ्यांना बोलावून दाखवा, मग झाडू घ्या. आणि तोवर जनावरं तेवढी लांब बांधा.