स्टारिंग मरत नाही

सिनेमा आवडला असं कुणी म्हणालं की मी त्याला 'का' म्हणून विचारत नाही. विचारलं की तो सांगत बसतो, आणि ऐकलं की त्याच्याबद्दल उरलासुरला आदरही संपतो. युगांडात, मसाकाच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात माझं सिनेमाघर आहे. घर कसलं, वर पत्रे, बाजूने फळ्या, फटींवर काळं कापड, आत बाकं आणि मागे खोकणारा जनरेटर. त्याआधी मी शाळेत इंग्रजी साहित्य शिकवायचो, म्हणून गाव मला अजून मास्तर म्हणतं. शाळेतली पोरं निदान दुसऱ्याचं उत्तर पाठ करून यायची. इथे येणारे स्वतःच्या मनाने बोलतात, हे जास्त वाईट.

आमच्या न्हाव्याला सिनेमा आवडतो तो त्यातल्या माणसांच्या केसांमुळे. चर्चमध्ये पोरांना धर्म शिकवणारे एक गृहस्थ चुंबनाचे सिनेमे दोनदोनदा बघतात, आणि बाहेर येऊन सांगतात की फार पापी होता, पुन्हा कधी लावणार? माझ्या जुन्या शाळेचे हेडमास्तर प्रत्येक सिनेमानंतर म्हणतात, 'घेण्यासारखं खूप होतं.' काय घेतलं ते त्यांच्या वागण्यात आजवर दिसलेलं नाही. आणि सगळ्यात जास्त ते, ज्यांना रडू आलं म्हणजे सिनेमा चांगला. कांदा चिरतानाही रडू येतं. म्हणून काय कांद्याला टाळ्या वाजवायच्या?

सिनेमे सगळे परदेशी, भाषा कुणालाच कळत नाही. म्हणून पडद्याशेजारी स्टुलावर आमचा व्हीजे बसतो आणि माईक घेऊन सगळ्या पात्रांचं बोलणं आमच्या लुगांडा भाषेत ओरडून सांगतो. स्वतःचं नाव त्याने किबुयागा ठेवलंय, म्हणजे वादळ. वादळाला परदेशी बोलणं थोडंफार कळतं, बाकीचं तो बनवतो. एकच गोष्ट तो कधी करत नाही. सिनेमातल्या मुख्य माणसाला आमच्याकडे स्टारिंग म्हणतात, आणि स्टारिंग मरत नाही. एकदा किबुयागाने खरं ते सांगून एका स्टारिंगला मरू दिलं होतं. लोकांनी त्याच्यावर भाजलेली मक्याची कणसं फेकली आणि माझी दोन बाकं मोडली. तेव्हापासून पडद्यावर काहीही होवो, आमच्या गावात स्टारिंग जिवंतच घरी जातो.

तर हा बर्फाचा सिनेमा आला. कुठल्याशा गारठलेल्या देशातला एक शिपाई लढाईवर जातो. बायको घरी थांबते. शेवटी शिपाई बर्फात मरून पडतो आणि एक अधिकारी त्याची टोपी घेऊन बायकोच्या दारात येतो. सिनेमा एवढाच, आणि खरं सांगायचं तर बराच चांगला. पण बघणारे आमचे. पहिल्या दिवशी निम्म्या लोकांना प्रश्न पडला की हे लोक एवढं पीठ जमिनीवर का सांडतात. किबुयागाने सांगितलं की बर्फात पडलाय तो स्टारिंगसारखा दिसणारा त्याचा मित्र, आणि दारात आलाय तो स्वतः स्टारिंग, लढाईत तोंड भाजल्यामुळे वेगळा दिसतो. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी मागे उभा राहून कपाळाला हात लावला.

त्या दिवशी नाकिबूका आली होती. तिचा नवरा लुब्वामा ट्रकवर केळी भरून सीमेपलीकडे जुबाला गेला, तिकडे लढाई पेटली आणि तो परत आला नाही. ट्रकही नाही, प्रेतही नाही, कुणी पाहिलं म्हणणाराही नाही. सिनेमा संपल्यावर अंगातल्या गोमेसीच्या फुगीर बाहीने डोळे पुसत ती माझ्यापाशी आली.

"आवडला, मास्तर. फार आवडला. पुन्हा लावाल?"

मी 'का' विचारलं नाही. माझा नेमच होता. तिच्याबाबतीत विचारायची गरजही वाटली नाही, कारण सरळ दिसत होतं. नवरा हरवलेली बाई, पडद्यावर नवरा परत येतो, झालं. पुढे मी तो सिनेमा जेव्हा जेव्हा लावला तेव्हा ती आली, त्याच कोपऱ्यात बसली आणि त्याच जागी रडली. गावात बोललं जाऊ लागलं की बाईला सिनेमाने वेड लावलं. मीही तेच म्हणायचो, फक्त जरा शुद्ध भाषेत.

इथपर्यंत मला काही देणंघेणं नव्हतं. मग तिचा मोठा दीर कायिवा माझ्याकडे आला. हा कॉफीच्या बियांचा व्यापारी. भर उन्हात पांढऱ्या पायघोळ कांझूवर लोकरीचा कोट घालून फिरतो, म्हणजे कोट आहे हे सगळ्यांना कळावं. त्याला लुब्वामाच्या मरणाचा शेवटचा विधी उरकायचा होता. प्रेत नसेल तर आमच्यात केळीचा खुंट पुरतात, विधी करतात आणि त्याच दिवशी मेलेल्याचा वारस बसवतात. वारस पुरुषच, आणि लुब्वामाला दोन्ही मुली. म्हणजे वारस कायिवाचा मुलगा. रस्त्याकडेचं ते विटांचं घर, मागची केळी आणि कॉफीची झाडं त्याला, आणि नाकिबूका दोन मुली घेऊन बापाच्या घरी. कायिवाला घाई का होती हे सांगायला मास्तर लागत नाही.

"कुळाच्या बैठकीत बाई नाही म्हणाली," कायिवा सांगू लागला. "गुडघे टेकून, मान खाली घालून, पण नाही म्हणजे नाही. आणि आमचे प्रमुख, जाजा मुक्वाया, तिच्या होकाराशिवाय विधीला हात लावायला तयार नाहीत. सगळं तुमच्या त्या सिनेमाने झालंय!"

"माझा नाही, बर्फाच्या देशाचा आहे."

"थट्टा नको, सेबो," साहेब म्हणायचं तेवढं तो विसरला नाही. "त्यात नवरा परत येतो म्हणे. खरं काय होतं?"

"मरतो."

त्याचा चेहरा असा उजळला की मला किळस आली. "मग दाखवा! सगळ्या कुळासमोर, जाजांसमोर. त्या वादळाला म्हणावं, यावेळी एक शब्द पदरचा घालायचा नाही. तिला कळू दे मेलेला मेलेलाच असतो."

"तुम्ही कधी सिनेमा पाहिलात का?"

"मी?" त्याने कोट झटकला. "खोट्या माणसांची रडगाणी बघायला मला वेळ नाही. ते बायकांना आणि रिकामटेकड्यांना."

आता बघा, घर कुणाचं हे ठरवायला हे लोक सिनेमाला साक्षीला बोलावणार होते. शाळेत मी एवढी वर्षं घसा फोडला की पुस्तकातली गोष्ट पुस्तकातच असते, आणि इथे अख्खं कूळ गंभीर चेहऱ्याने बर्फातल्या शिपायाचं प्रेत तपासायला येणार. मी हो म्हणालो. असा मूर्खपणा बघायला मला घरबसल्या जागा मिळत होती, ती मी का सोडू?

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे आले. जाजा मुक्वाया बोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसून, काठी पुढे धरून आले. म्हातारे कुळाचे प्रमुख, ऐकायला कमी येतं पण नजर घारीची. त्यांना पुढच्या बाकावर बसवलं. शेजारी कायिवा, पाठ ताठ, हात मांडीवर, कोर्टात बसल्यासारखा. नाकिबूका तिच्या कोपऱ्यात. तिने आत येताना दिराला गुडघे टेकून नमस्कार केला, आणि त्याने तो घेतला तो कुठेतरी छपराकडे बघत.

किबुयागा फुगून बसला होता. "मास्तर, माझी अब्रू जाणार," तो कुजबुजला. "स्टारिंगला मारलं तर पुढच्या आठवड्यात कोण येईल?"

"आज तुला अब्रूसाठी बोलावलेलं नाही. जे आहे ते सांग."

त्याने सांगितलं. एरवी पावसात पत्रा वाजावा तसा बोलणारा माणूस आज मेल्या आवाजात एकेक वाक्य टाकत होता. 'आता तो निघाला. आता ती रडते. आता तो चालतो आहे.' आणि गंमत म्हणजे लोक एरवीपेक्षा शांत बसले. शेंगा फोडायचा आवाजसुद्धा थांबला.

मी मात्र कायिवाकडे बघत होतो. सुरुवातीला तो दर थोड्या वेळाने जाजांच्या कानात ओरडायचा, "मरणार आहे हा! शेवटी मरतो!" मग ओरडणं कमी झालं. शिपायाची भाकरी दुसऱ्याने चोरली तेव्हा तो "हरामखोर!" म्हणाला आणि दचकून इकडेतिकडे बघितलं. अधिकाऱ्याने थकलेल्या शिपायाला पुन्हा पुढे पाठवलं तेव्हा त्याने कोट काढून मांडीवर घेतला. "अहो, त्याला ताप आहे, दिसत नाही का?" हे त्याने थेट पडद्याला विचारलं. खोट्या माणसांना ज्याला वेळ नव्हता तो बाकाच्या पार टोकाला सरकून बसला होता, आणि तोंड उघडं. पहिल्यांदा सिनेमा बघणाऱ्यासारखा वेडगळ प्राणी जगात नाही. आणि हा तर पन्नाशीत पहिल्यांदा बघत होता.

गोळी लागली. शिपाई गुडघ्यावर आला, मग बर्फात आडवा झाला.

किबुयागाने घसा खाकरला. "स्टारिंग मेला," तो म्हणाला.

"नाही!" कायिवा उभा राहिला. त्याची सावली अर्ध्या पडद्यावर पडली. "ऊठ! ऊठ, बाळा! अरे, हात हलतोय त्याचा!"

"हलत नाहीये, सेबो. वारा आहे तो. मेला."

"तू गप्प बस रे! तुला काय कळतं? लांबून पडलेला दिसला म्हणजे मेला का? जवळ गेलं का कुणी? नाडी बघितली? त्याच्या घरच्या कुणी तोंड बघितलंय का त्याचं? पुरलं का कुणी त्याला आपल्या हाताने? नाही ना? मग मेला असं म्हणायची तुझी हिंमत कशी होते! ती बिचारी तिकडे दार उघडं ठेवून बसलीय, आणि तू खुशाल इथे बसून त्याला मारतोस?"

त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. कोट खाली पडला होता आणि त्याचाच पाय त्यावर होता. किबुयागा माझ्याकडे बघत होता आणि मी जनरेटर बंद केला. अंधार झाल्यावर त्या माणसाच्या हुंदक्यांशिवाय आत काही नव्हतं. मग कुणीतरी काळं कापड बाजूला केलं, आणि बाहेरचं ऊन आत आल्यावर अख्ख्या कुळाने त्याला बघितलं.

हसणं आधी बायकांच्या बाजूने आलं. मग सगळीकडून. कायिवाने डोळे पुसले, कोट उचलला, आणि आपण काय बोलून बसलो ते त्याच्या तोंडावर हळूहळू चढत गेलं. माझ्या आयुष्यात मी बघितलेला तो सगळ्यात चांगला सिनेमा.

"मी सिनेमातल्याबद्दल बोलत होतो," तो म्हणाला. "जाजा, ते सिनेमातल्याबद्दल होतं."

"मला कमी ऐकू येतं," जाजा मुक्वाया म्हणाले, "पण एवढं ऐकू आलं. तोंड बघितल्याशिवाय, हाताने पुरल्याशिवाय मेला म्हणू नये, असं तू सगळ्या कुळासमोर ओरडलास. परक्या देशातल्या, नाव माहीत नसलेल्या माणसासाठी तू इतका रडलास, कायिवा. लुब्वामा तर तुझ्या आईच्या पोटचा."

"पण जाजा, विधी..."

"कुठला विधी? ज्याने केळीचा खुंट धरायचा, तोच म्हणतोय प्रेत दाखवा. मग दाखव. जुबाला जा, शोध, विचार. तोवर ती घरात आहे तिथेच राहील, आणि हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही." काठी आपटून ते उठले, आणि दारात थांबून किबुयागाला म्हणाले, "आणि तू. पुढच्या वेळी नीट सांग. असं मारतात का कुणाला?"

म्हणजे त्यांनाही तो जिवंतच हवा होता. कुळाचा प्रमुख असो की न्हावी, बाकावर बसला की सगळ्यांची अक्कल एकाच मापाची होते. घराचा निकाल लागला होता, आणि बरोबर लागला होता, पण लागला तो कसल्या बावळटपणावर, हे मला गिळवत नव्हतं.

लोक पांगले. कायिवा कोट खांद्यावर टाकून, कुणाशी न बोलता कॉफीच्या वखारीकडे गेला. नाकिबूका शेवटी उठली. तिच्या डोळ्यात आज पाणी नव्हतं. मला वाटलं, आता तरी बाईचा भ्रम फिटला असेल, आणि तो फिटलेला बघायचा मोह मला आवरला नाही.

"न्याबो," मी अदबीने म्हटलं, "आज कळलं ना, सिनेमात खरं काय होतं ते? किबुयागा इतके दिवस थापा मारत होता."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मास्तर. मेलेला माणूस मला ओळखता येतो. मी माझ्या आईला आंघोळ घातलीय, बापाला घातलीय." ती सरळ माझ्याकडे बघत होती, आणि शाळेत मठ्ठ पोराकडे मी ज्या नजरेने बघायचो ती नजर मला त्या दिवशी समोरून मिळाली. "तो मेला ते मी पाहिलं. माझा मी पाहिलेला नाही. बैठकीत मी एवढंच म्हणाले होते. सिनेमाचं तुम्ही लोकांनी काढलंत."

"मग परत परत कशाला यायचीस?" मी विचारलं. माझा नेम मोडला तो असा. "नवरा परत येत नाही हे माहीत असून काय एवढं आवडलं तुला त्यात?"

तिने चपला पायात सरकवल्या.

"ती बाई सिनेमाभर वाट बघते, मास्तर. एवढे लोक तिच्या दारावरून जातात. पण एकदासुद्धा कुणी तिला म्हणत नाही की घर सोड."